कासिमभाईंची कोरडी राख

कासिम तांबोळी चिमूटभर राख दोन बोटांत चोळायचे, नाकाशी न्यायचे आणि कुठलं लाकूड जळलं ते सांगायचे. बाभळीची राख पांढुरकी आणि मऊ. आंब्याची हलकी, फुंकर मारायच्या आत उडणारी. आणि प्लायवूडची असली तर नाकाशी नेण्याचीही गरज नाही, दारातूनच कळतं. कँपातल्या एका जुन्या बेकरीत त्यांनी अडतीस वर्षं भट्टी सांभाळली होती. हजारो पाव त्यांच्या हाताखालून फुगून गेले, पण पाव खाणाऱ्याला भट्टीवाल्याचं नाव माहीत नसतं, तसं त्यांचंही कुणाला माहीत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी मालकांनी विजेची भट्टी आणली. जुनी विझली त्या दिवशी कासिमभाईंना एक शाल मिळाली आणि मावा केकचा डबा मिळाला. केक संपला. शाल कपाटात गेली. कासिमभाई येरवड्यातल्या आपल्या तळमजल्याच्या घरात खुर्चीवर बसून राहिले. कुणी विचारलं की म्हणत, "अडतीस वर्षं राख उपसली, हातात काय उरलं? राख." हे ते हसत म्हणत. पण रोज म्हणत, म्हणजे ते हसण्यावारी नव्हतं.

त्यांच्या बायकोनं, जैनबबींनी, अडतीस वर्षांत काही मागितलं नव्हतं. पहाटेच्या आधी नवरा दार ओढून निघून जाई, त्या कडी लावत आणि परत आडव्या होत. आता नवरा घरी बसला तेव्हा त्यांनी एकच गोष्ट मागितली. "मला मागच्या अंगणात कोंबड्या पाळायच्यात. लहानपणी माझ्या आईच्या होत्या." कासिमभाईंनी बेकरीतले मोडके लाकडी ट्रे आणून खुराडं ठोकलं, आत बसायला आडवी काठी लावली. दौंडहून जैनबबींच्या बहिणीनं पाच गावरान कोंबड्या पाठवल्या. त्यातली एक सगळ्यांवर ओरडायची, तिचं नाव चेअरमनबाई पडलं. एक इतकी चपळ की हाती लागेना, ती बिजली. बाकीच्या तिघी साध्या, आपापल्या कामाच्या.

जैनबबींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेला व्यायाम त्यांनी एकही दिवस केला नाही. पण कोंबड्यांसाठी काठी टेकत दिवसातून दहादा अंगणात जात. कासिमभाई हे खुर्चीवरून पाहत आणि मनातल्या मनात मोजत. त्यांच्या दृष्टीनं त्या पाच कोंबड्या म्हणजे जैनबचा गुडघा होता.

म्हणून सोसायटीच्या फलकावर तो कागद लागला तेव्हा त्यांनी तो उभ्याउभ्या तीनदा वाचला.

सोसायटीचं नाव 'समाधान'. नावाचा आणि आत राहणाऱ्यांचा काही संबंध नाही, तो पुण्यात कुठेच नसतो. सेक्रेटरी रंगनाथ देवस्थळी, सरकारी कचेरीतून निवृत्त, पहिल्या मजल्यावर बरोबर तांबोळ्यांच्या डोक्यावर राहत. त्यांच्या सुवाच्य अक्षरात फलकावर लिहिलं होतं: "तळमजल्यावरील कोंबड्यांच्या अंगावरील किडे वरील रहिवाशांस चावत आहेत. कोंबड्या कोणाच्या आहेत हे कोंबड्यांस ठाऊक नसले तरी सोसायटीस ठाऊक आहे. पंधरा दिवसांत किड्यांचा बंदोबस्त न झाल्यास कोंबड्या हलवाव्या लागतील."

कासिमभाई वर गेले. देवस्थळींनी दार अर्धं उघडलं आणि बाही वर करून लाल पुरळ दाखवलं.

"तांबोळी, मला आजवर आयुष्यात एकदाच खाज सुटली होती, ती निवडणुकीला उभं राहायची," देवस्थळी म्हणाले. "ती बरी झाली. ही होत नाही."

"साहेब, कोंबड्यांना किडे आहेत का ते मी बघतो."

"बघा. पंधरा दिवस बघा. सोळाव्या दिवशी मी बघणार आहे."

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. जैनबबींनी चेअरमनबाईला काखेत धरून शेपटीखालची पिसं बाजूला सारली, आणि आत बारीक तांबूस ठिपके चालताना दिसले. कारणही समोरच होतं. गेल्या वर्षी सोसायटीनं अंगणात सिमेंटच्या ठोकळ्यांची फरशी बसवली. त्याआधी कोंबड्या मातीत खळगा करून लोळायच्या, अंगावर धूळ उडवायच्या, पिसं झटकायच्या. कोंबडीची आंघोळ पाण्याची नसते, धुळीची असते. आता त्या ठोकळ्यांवर पाय घासत आणि तशाच उठत.

"माझी आई चुलीतली राख कोपऱ्यात ओतायची," जैनबबी म्हणाल्या. "कोंबड्या त्यात लोळायच्या. किडे काय म्हणून कधी ऐकलं नाही. आलियाचे अब्बा, राख आणा."

मुलगी आलिया लग्न होऊन धायरीला गेली त्याला दहा वर्षं झाली, तरी नवऱ्याला त्या तिच्याच नावानं हाक मारत.

कासिमभाई खुर्चीतून उठले. दोन वर्षांत इतक्या चपळाईनं ते उठले नव्हते. "राख ना? राख माझा विषय," ते म्हणाले.

आणि होताही. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं पिशवीभर राख पुढे केली. कासिमभाईंनी चिमूट चोळली. "दगडी कोळसा. कोंबड्यांना नको." मग फर्निचरच्या कारखान्यामागे राखेचा ढीग होता. त्यांनी काडीनं उकरला, खिळे निघाले, रंगाचे पापुद्रे निघाले, प्लायवूडच्या डिंकाचे काळे गोळे निघाले. "ही माणसानं ओलांडू नये," असं म्हणून ते पुढे गेले. शेवटी तालिबकडे पोचले. तालिब लग्नकार्यात बिर्याणीच्या देगी लावायचा, बाभळीच्या ओंडक्यांवर.

"लाकडाला रंग होता?"

"नाही."

"पेटवताना रॉकेल ओतलं? प्लॅस्टिक टाकलं? चूल विझून किती दिवस झाले?"

"कासिमभाई," तालिब म्हणाला, "पोरीला स्थळ आलं तेव्हाही मला इतकं कुणी विचारलं नव्हतं. रॉकेल नाही, प्लॅस्टिक नाही, तीन दिवस झाले."

कासिमभाईंनी राखेत हात खोल घातला. थंडगार होती. पांढुरकी, मऊ, बाभळीचीच. घरी आणून त्यांनी ती मैद्याच्या चाळणीनं चाळली, चुकून राहिलेला खिळा निघावा म्हणून जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक फिरवलं. बेकरीतून आणलेली पीठ मळायची मोठी लाकडी काथवट अंगणात ठेवली, त्यात माती ओतली, वर राख ओतली. इतकं निवडून, चाळून, तपासून आणलेली राख येरवड्यात त्या दिवशी दुसऱ्या कुणाकडे नसेल.

मग त्यांनी मोरीतून बादली आणली आणि तीन मग पाणी त्या राखेवर शिंपडलं.

कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी ठरवलंही नव्हतं. भट्टीचा नियमच तसा होता, कोरडी राख बाहेर काढायची नाही. कोरडी राख उडते, पावांवर बसते, आणि आत एखादा निखारा जिवंत असला तर गोणी पेटते. म्हणून अडतीस वर्षं रोज राख आली की पाणी. हातानं आपलं काम केलं आणि डोक्याला विचारलं नाही. राख छान दबली, धूळ बसली, कासिमभाईंना बरं वाटलं.

कोंबड्या बिचाऱ्या आसुसलेल्या होत्या. ओलसर तर ओलसर, पाचही जणी त्यात शिरल्या. संध्याकाळी कासिमभाईंनी पुन्हा थोडं पाणी मारलं. दुसऱ्या दिवशीही मारलं.

चौथ्या दिवशी बिजली एका पायावर उभी होती. दुसरा पाय तिनं पोटाशी घेतला होता. जी कधी हाती लागत नसे तिला जैनबबींनी सहज उचललं. बोटांच्या मधली कातडी लालभडक झाली होती, पोटाखाली पिसं विरळ होती तिथे चट्टे पडले होते. बाकीच्याही पाय झटकत होत्या. किडे जिथल्या तिथे होते.

जैनबबींनी नवऱ्याकडे पाहिलं. "तुमचा विषय," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

ते दोन शब्द कासिमभाईंना देवस्थळींच्या सगळ्या फलकांपेक्षा जास्त लागले. ते पायरीवर बसले, बिजलीला मांडीवर घेतलं आणि तिचा पाय उलटा करून पाहत राहिले. कातडी टोकाला सुटत होती. असली सुटलेली कातडी त्यांनी आधी पाहिली होती. कुठे पाहिली होती ते आठवायला वेळ लागला नाही, कारण ती त्यांच्या स्वतःच्या हातावर होती.

बेकरीतलं पहिलंच वर्ष. राखेच्या खोलीचा पत्रा गळत होता आणि सगळी राख भिजली होती. नवा गडी म्हणून कासिमनं ती दिवसभर उघड्या हातांनी उपसली. संध्याकाळी बोटं साबण लावल्यासारखी गुळगुळीत झाली, आणि दुसऱ्या दिवशी सोलवटली. उस्ताद हात पाहून म्हणाले होते, "कोरडी राख म्हणजे धूळ. ओली राख म्हणजे चुना. पाणी मारल्यावर हात लावायचा नाही, फावडं घ्यायचं." तेव्हापासून कासिमनं फावडं घेतलं. वर्षं गेली, पाणी मारायची सवय राहिली आणि ओल्या राखेला हात का लावायचा नाही ते मात्र डोक्यातून पुसून गेलं. कोंबडीकडे फावडं नसतं.

त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून. मग त्यांनी पाचही कोंबड्यांचे पाय आणि पोट कोमट पाण्यानं धुतलं, पुसून कोरडं केलं, काथवट गोणीत रिकामी केली आणि बिजलीला टोपलीत घालून रिक्षानं जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

तिथली डॉक्टर उत्कर्षा आलियाहून लहान होती. कासिमभाईंनी तिला काही न लपवता सगळं सांगितलं, पाण्याच्या मगासकट.

"काका, राख एकदम परफेक्ट आणलीत तुम्ही," ती मलम लावत म्हणाली. "प्रॉब्लेम पाण्याचा. ओली राख स्किन जाळते. कोरडी ठेवा, आणि थोडीच घाला. एक वाटा राख, चार वाटे सुकी माती आणि वाळू. मिसळताना कोंबड्या आत ठेवा, धूळ बसली की सोडा. तुम्ही पण नाकाला फडकं बांधा. पाय भरेपर्यंत नुसती माती द्या. आणि नुसत्या राखेवर भागणार नाही, हे औषध घ्या. खुराडं उकळत्या पाण्यानं धुवा. बरेचसे किडे दिवसा काठीच्या फटीत बसतात."

"किडे आले कुठून पण? पूर्वी नव्हते."

"आसपास कबुतरं आहेत का? बऱ्याचदा कबुतरांच्या घरट्यातून येतात."

पुण्यात आसपास कबुतरं आहेत का, हा काही प्रश्न झाला? कासिमभाईंनी मान हलवली आणि ते डोक्यात ठेवून दिलं.

आता दहा दिवस उरले होते. कासिमभाईंनी खुराडं सुटं केलं, फळीन् फळी उकळत्या पाण्यानं धुतली, उन्हात वाळवली, फटी घासल्या. बसायची काठी नवी केली. औषध सांगितलं तसं दिलं. माती चाळून गच्चीवर दोन दिवस उन्हात पसरली, वाळू पसरली. काथवटीवर जुना पत्रा आडवा ठोकला, म्हणजे दव पडायला नको आणि वरच्या मजल्यावरच्या कुंड्यांचं पाणी ठिबकायला नको. तालिबकडून पुन्हा राख आणली, ती डब्यात झाकून ठेवली. कोंबड्यांच्या पायांवर नवी कातडी धरली तेव्हा एक वाटा राख आणि चार वाटे माती-वाळू, नाकाला फडकं बांधून हलक्या हातानं कालवली.

अवघड होतं ते वेगळंच. राख कालवून झाली की त्यांचा उजवा हात आपोआप बादलीकडे जायचा. जैनबबी बाजूला खुर्ची टाकून बसल्या होत्या. हात बादलीकडे वळला की त्यांची काठी फरशीवर एकदा वाजायची. हात मागे यायचा. तीन वेळा काठी वाजल्यावर जैनबबी उठल्या, बादलीतला मग उचलला आणि कपाटात, शालीवर ठेवून आल्या.

धूळ खाली बसली तसं खुराड्याचं दार उघडलं. चेअरमनबाई पहिली आली. तिनं काथवटीच्या काठावरून एक डोळा लावून तपासणी केली, मग आत पाय टाकला, पायानं माती उकरली आणि पोटावर बसली. बसली ती आडवीच झाली. पंख पसरले, मान मातीत घुसळली, पायांनी धूळ पाठीवर उडवली, कूस बदलली, पुन्हा उडवली. मग बाकीच्या शिरल्या. शेवटी बिजली आली, दोन्ही पायांवर, आणि जागा नसताना चेअरमनबाईच्या अंगावरून आत घुसली. पाच कोंबड्यांचं एकच फडफडणारं गाठोडं झालं होतं. एकदम उठल्या, एकदम पिसं झटकली, आणि अंगणात तोऱ्यात चालू लागल्या. कासिमभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. धुळीनं आलं असं ते म्हणाले, पण फडकं नाकावरच होतं आणि ते लांब उभे होते.

सोळाव्या दिवशी सकाळी दहाला देवस्थळी खाली आले. पांढरी विजार, पांढरा सदरा आणि खिशात पांढरा स्वच्छ रुमाल.

"तांबोळी, मी तोंडी पुरावा मानत नाही," ते म्हणाले.

त्यांनी रुमाल बसायच्या काठीखालून घासत नेला. उलटा केला. थोडी धूळ होती, चालणारं काही नव्हतं. खुराड्याच्या चारी कोपऱ्यांत घासला. जैनबबींनी एकेक कोंबडी काखेत धरून शेपटीखालची पिसं बाजूला केली आणि देवस्थळींनी चष्मा वर करून पाचही जणींचं दर्शन घेतलं. चेअरमनबाईनं त्यांच्या सदऱ्यावर पंख झटकून शेरा दिला.

"स्वच्छ आहेत," देवस्थळी म्हणाले. मनाला लागेल अशा आवाजात म्हणाले, त्यांच्याच मनाला. आणि बोलता बोलता कोपर खाजवलं.

कासिमभाईंनी ते कोपर पाहिलं. अडतीस वर्षं माणसानं धुरावरून आग ओळखली असेल तर त्याला एवढं दिसतं.

"साहेब, काल पण खाज आली?"

"काल, परवा, रोज. म्हणून तर मी आलो."

"माझ्या कोंबड्या गेले पाच दिवस स्वच्छ आहेत. रोज बघतो मी. रुमालाची दुसरी बाजू कोरी आहे ना? जरा वर जाऊ या."

देवस्थळींच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीबाहेर एसीचा डबा लोखंडी चौकटीवर बसवला होता. खिडकीच्या काठावर ज्वारीचे दाणे पसरलेले होते. देवस्थळी रोज सकाळी कबुतरांना दाणे घालत, पत्नी गेल्यापासूनचा त्यांचा नेम होता. दोन कबुतरं त्यांना पाहून जवळ सरकली, ओळखीची होती. डब्याच्या मागे काड्यांचं जुनं, रिकामं घरटं होतं आणि त्याच्या सरळ रेषेत दोन हातांवर देवस्थळींची उशी.

कासिमभाईंनी हात लांब करून रुमालाची कोरी बाजू त्या घरट्याखालून घासली आणि देवस्थळींपुढे धरली. रुमालावर तांबूस ठिपके होते. ते चालत होते, चांगले घाईघाईनं.

देवस्थळींनी चष्मा वर करून रुमाल पाहिला.

"साहेब," कासिमभाई म्हणाले, "ही कोंबडी माझी नाही."

देवस्थळी पलंगावर टेकले. मग हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या कोंबड्यांना मग माझ्याकडूनच किडे लागले की काय?"

"कबुतर खाली उतरतं, कोंबड्यांचे दाणे खातं. लागले असतील."

"तुमची ती राख याला चालेल का?"

"राख कोंबडीच्या आंघोळीला, साहेब. घरात उडवायची नाही, छातीत जाते. इथे उकळतं पाणी लागेल आणि फडकं. पाणी मी आणतो. पाणी मारायची सवय मला चांगली आहे."

दोघांनी मिळून ते घरटं उतरवलं, नाकाला फडकी बांधून. चौकट धुतली, खिडकीला जाळी लावली, गादी गच्चीवर उन्हात टाकली. देवस्थळींना उन्हात शिडी धरून उभं राहावं लागलं. आठवड्यानं त्यांची खाज थांबली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी फलकावर नवा कागद लागला. कासिमभाई दूध घेऊन येताना थांबले. एकदा वाचला, चष्मा पुसून दुसऱ्यांदा वाचला, मग घरात जाऊन जैनबबींना बोलावलं. त्या इतक्या लगबगीनं आल्या की काठी आतच राहिली, आणि ते फलकापाशी पोचेपर्यंत दोघांच्याही लक्षात आलं नाही.

सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: "कबुतरांना दाणे घालण्यास सक्त मनाई आहे. सेक्रेटरींसही मनाई आहे. ज्यांना दाणे घातल्यावाचून राहवत नाही त्यांनी तळमजल्यावर तांबोळी यांच्या कोंबड्यांना घालावेत. त्या स्वच्छ असून कोठेही जाणार नाहीत. राखेसंबंधी काही विचारावयाचे असल्यास कासिमभाई तांबोळी यांस विचारावे, त्यांच्याइतके कोणास कळत नाही."

अडतीस वर्षांत कासिमभाईंचं नाव कुठे लिहिलं गेलं नव्हतं. बेकरीच्या पाटीवर नाही, पावाच्या कागदावर नाही. ते तिथेच उभे राहिले. दुधाची पिशवी हातात होती आणि छाती दुखेल इतका आनंद झाला होता.

मागच्या अंगणात देवस्थळी ज्वारीची वाटी घेऊन उभे होते, आणि चेअरमनबाई त्यांना दाण्यांच्या मापावरून बोलत होती.

जैनबबींनी कागद शेवटपर्यंत वाचला. मग नवऱ्याच्या बाहीवरची राख झटकली आणि म्हणाल्या, "तुमचा विषय."